वखारीतला आठवडा

घराची किल्ली हातात पडायच्या आधीच आप्पांनी बाहेरच्या भिंतीवरून हात फिरवला. काळपट पडलेल्या उभ्या फळ्या, जमिनीपासून थेट छपरापर्यंत. दर चार-पाच फळ्यांनंतर एक फळी बिजागरीवर बसवलेली, दारासारखी उघडणारी. आप्पांनी त्यातली एक ओढून पाहिली, फटीतून आत डोकावले आणि नाक लावून वास घेतला.

"ही वखार हाय," ते म्हणाले. "तंबाखूची."

मुंबईहून निघून फ्रान्समधल्या या खेड्यात पोहोचेपर्यंत आम्हाला तीस तास होत आले होते. मालकीणबाई माझ्या नवऱ्याला गरम पाण्याचं बटण आणि कचऱ्याचे डबे दाखवत होत्या. मी त्यांना मध्येच थांबवून विचारलं, हे पूर्वी काय होतं? त्या हसल्या आणि म्हणाल्या, "सेश्वार आ ताबा." तंबाखू वाळवायचं कोठार. आप्पांना फ्रेंचचा एक शब्द येत नाही, पण 'ताबा' ऐकून ते वळले आणि मान हलवली, मी सांगितलं नव्हतं का, अशा अर्थानं.

घर निवडताना मी फोटोंत लाकडी भिंत पाहिली होती. खोल्या तीन आहेत का, न्हाणीघर खालच्या मजल्यावर आहे का, दुकान किती लांब आहे, एवढंच तपासलं होतं. तंबाखूचा विषय माझ्या डोक्यातही नव्हता.

आप्पा म्हणजे माझे सासरे. निपाणीजवळच्या एका खेड्यात त्यांची शेती आहे. आता ऊस आणि सोयाबीन, पण उभं आयुष्य गेलं ते तंबाखूत. पंढरीची वारी सोडली तर सलग आठ दिवस त्यांनी कधी घर सोडलेलं नाही. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीला तंबाखू उत्पादकांचं आंदोलन झालं, तेव्हा ऐन तिशीतले आप्पा दिवसेंदिवस महामार्गावर बसून होते. ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मारले गेले. त्या दिवसाबद्दल ते घरात फारसं बोलत नाहीत. गेल्या वर्षी त्यांची पंचाहत्तरी झाली, आणि आम्ही ठरवलं की आप्पा, आई, आम्ही दोघं आणि दोन मुलं असं सगळ्यांनी एकदा लांब जायचं.

ओळखीतल्या बहुतेकांनी आपल्या आईवडिलांना युरोप दाखवला तो बसच्या सहलीतून. बारा दिवसांत पाच देश. आईंचे गुडघे पाहता ते मला पटेना. रोज पहाटे बॅगा भरायच्या, रोज नवी खोली, नवा जिना. मी हट्ट धरला: एकच घर, एकच आठवडा, आणि स्वयंपाकघर हवंच. मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये दोन वर्षं फ्रेंच शिकले आहे. इतक्या वर्षांनी ते घासून-पुसून घेतलं. पॅरिस पाहायचं नाही, असं म्हटल्यावर नवरा क्षणभर गप्प झाला, पण मग तोच नकाशा घेऊन बसला.

आम्ही निवडला दोर्दोन्य हा नैर्ऋत्य फ्रान्समधला जिल्हा. जुनं नाव पेरिगोर. दोर्दोन्य नदी मध्य फ्रान्सच्या डोंगरात उगम पावते आणि पश्चिमेला बोर्दोच्या उत्तरेला गारोन नदीला मिळते. तिच्या काठी चुनखडीचे कडे, अक्रोडाच्या बागा, पिवळसर दगडाची घरं आणि दर दोन वळणांनंतर एक किल्ला. जूनचा पहिला आठवडा धरला. मुलांची उन्हाळी सुट्टी संपायच्या आत, आणि फ्रेंच लोकांची जुलै-ऑगस्टची गर्दी सुरू व्हायच्या आधी. त्या दोन महिन्यांत तिकडे भाडं बरंच चढतं.

अशा घराला तिकडे 'झीत' म्हणतात. खेड्यातलं स्वतंत्र घर, मालक जवळपास राहणारा, स्वयंपाक आपला आपण. खेड्यांतली माणसं शहरांकडे निघाली होती, घरं रिकामी पडत होती. ती नीट करून शहरातल्यांना सुट्टीसाठी द्यायची, म्हणजे शेतकऱ्याला चार पैसे मिळतील आणि घरही टिकेल, असा त्यामागचा विचार. पहिलं झीत १९५१ साली दक्षिणेकडच्या आल्प्समध्ये सुरू झालं, आणि 'झीत द फ्रांस' ही संघटना १९५५ची. दर्जा ताऱ्यांनी नाही, गव्हाच्या ओंब्यांनी दाखवतात, एक ते पाच. आमच्या घराला तीन ओंब्या होत्या. हे आप्पांना सांगितलं तेव्हा त्यांना फार बरं वाटलं. ओंबी हे चिन्ह कुणीतरी शेतकऱ्यानंच सुचवलं असणार, असं त्यांचं मत पडलं.

ज्यांना असं घर घ्यायचं असेल त्यांनी करार नीट वाचावा. भाडं बहुधा शनिवार ते शनिवार असतं, मधल्या वारी येतो म्हटलं तर हंगामात मिळत नाही. चादरी, अभ्रे, टॉवेल भाड्यात धरलेले असतीलच असं नाही. आम्ही वेगळे पैसे भरून घेतले. अनामत रक्कम ठेवावी लागते. प्रत्येक मोठ्या माणसामागे रात्रीगणिक थोडा पर्यटन कर पडतो, अठरा वर्षांखालच्या मुलांना तो नाही. निघताना घर झाडून-पुसून द्यायचं, नाहीतर सफाईचे पैसे वेगळे. आणि हाच करार शेंगेन व्हिसाच्या अर्जाला राहण्याचा पुरावा म्हणून लागतो. व्हिसाचं बाकी सगळं ठरलेलंच आहे: बँकेची पत्रकं, तीस हजार युरोंचा प्रवास विमा, बोटांचे ठसे. आप्पांच्या बोटांचे ठसे उमटायला तीनदा प्रयत्न करावा लागला. रेषाच झिजल्या आहेत.

सामानात आईंनी बेसन, तूरडाळ, कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याचं कूट आणि वेलदोडे घेतले. तूप मात्र मी काढायला लावलं. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपबाहेरून सामानात नेता येत नाहीत. ताजा कढीपत्ता आणि आंबेही नाहीत. तूप नाही म्हटल्यावर आईंचा चेहरा पडला. तिकडे पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी बिनमिठाचं लोणी आणून त्यांनी ते कढवलं, आणि ती चिंता तिथेच मिटली.

प्रवासाचं थोडक्यात सांगते. मुंबई-पॅरिस विमान, पॅरिसहून बोर्दोपर्यंत वेगवान रेल्वे, ती दोन तासांत पोहोचवते, आणि बोर्दोहून सात माणसांची गाडी भाड्यानं. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवायची, गिअर उजव्या हाताला. नवऱ्यानं पहिला तास कुणाशी बोलायचं नाही असं सांगून टाकलं होतं. एक नियम लक्षात ठेवण्यासारखा: खेड्यातल्या चौकात खूण नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो कितीही अरुंद गल्लीतून येवो.

रविवारी सकाळी मी पावासाठी गेले. बेकरीत शिरताना आधी 'बोंजूर' म्हणायचं आणि मग काय हवं ते सांगायचं, हे मला शिकवलेलं होतं. पण त्याचं वजन तिथे कळलं. माझ्या पुढचा माणूस आत येऊन साऱ्या रांगेला बोंजूर म्हणाला आणि सगळ्यांनी त्याला उत्तर दिलं. दुसऱ्या दिवसापासून आप्पा माझ्याबरोबर यायला लागले. ते दारातच हात जोडून "राम राम" म्हणायचे. बेकरीवाल्या बाई "बोंजूर मस्य" म्हणायच्या. यात कुणालाही काही अडलं नाही. बुधवारी आप्पा एकटेच गेले आणि 'बागेत' नावाचे दोन पाव घेऊन आले. लांब, कडक कवचाचे ते पाव काखेत धरून, तिथले म्हातारे धरतात तसेच.

रविवारी दुपारपासून दुकानं बंद, सोमवारी त्यातली निम्मी बंदच. एरवीही बारा ते दोन सगळं थांबतं. एकदा किल्ला बघून अडीचला एका खानावळीत पोहोचलो तर चूल विझलेली होती. संध्याकाळी सातला या, म्हणाले. मुलं भुकेनं रडवेली झाली. त्यानंतर आम्ही डबा घेतल्याशिवाय बाहेर पडलो नाही. पण दोन दिवसांत मला त्या बंद दारांचा राग यायचा थांबला. दुपारी बाराला गावच्या चर्चची घंटा वाजायची, ट्रॅक्टर थांबायचे, आणि आमच्याही घरात जेवणाची पानं मांडली जायची. दुपारी कुठे जायचंच नाही म्हटल्यावर आई-आप्पा अंगणातल्या अक्रोडाखाली आडवे व्हायचे, मुलं गवतात, नवरा पुस्तक छातीवर ठेवून झोपलेला. पुण्यात असा नवरा मी किती वर्षांत पाहिला नव्हता.

रानातून दिवसभर एक पक्षी दोन सुरांत ओरडायचा. मुलांना वाटलं कुणाच्या तरी घरातलं घड्याळ आहे. मालकीणबाईंनी सांगितलं, तो 'कुकू'. आणि तिकडे सलगीनं हाक मारायची तर 'कुकू' असंच म्हणतात. मग काय, आठवडाभर आमच्या घरात सकाळ कुकूनंच उजाडली.

आईंची अडचण वेगळीच होती, आणि ती आमच्यापैकी कुणाच्या लक्षातच आली नव्हती. दिवेलागण कधी धरायची? जूनमध्ये तिथे सूर्य मावळतो साडेनऊ वाजून गेल्यावर. त्यानंतरही तासभर उजेड असतो. पहिल्या दिवशी आई निरांजनाची वाट बघत बसून राहिल्या, दहा वाजले, मुलं झोपून गेली, आप्पांचे डोळे मिटायला लागले. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "घराची सांज आपण ठरवायची. सात वाजता." मग रोज सातला, लख्ख उन्हात, दगडी ओट्यावर दिवा लागायचा आणि हरिपाठ व्हायचा. पलीकडच्या कुरणातल्या गाई कुंपणाशी येऊन उभ्या राहायच्या. धाकट्याला वाटायचं त्या ऐकायला येतात.

जेवणाबद्दल मला काळजी होती, कारण आई-आप्पा माळकरी आहेत आणि पेरिगोर म्हणजे बदकाचा मुलूख. तिथला बटाटाही भाबडेपणानं मागवू नये. सार्ला गावच्या नावानं प्रसिद्ध असलेले लसूण घालून परतलेले बटाटे बदकाच्या चरबीत केलेले असतात. चीजचंही तसंच. बहुतेक पारंपरिक फ्रेंच चीजचं दूध वासराच्या किंवा करडाच्या पोटातल्या रेनेटनं विरजतात. मी हे आधी वाचलं होतं आणि आईंना सांगायचं की नाही, यावर बराच विचार केला. माळेचा प्रश्न त्यांचा आहे, माझा नाही, म्हणून सांगितलं. त्यांनी चीजला हात लावला नाही. मुलांनी मात्र रोकामादूर नावाच्या शेळीच्या दुधाच्या छोट्या चकत्या अक्रोडाबरोबर रोज खाल्ल्या.

बुधवारी आणि शनिवारी सार्लाचा बाजार भरतो. मध्ययुगातलं गाव, दगडी गल्ल्या, आणि त्यातून वाहणारा बाजार. एका जुन्या चर्चमध्ये आता भाजी-फळांचा बंदिस्त बाजार आहे. त्याला वास्तुविशारद झाँ नुवेल यांनी केलेली पोलादी दारं आहेत, इतकी उंच की मान मागे टाकून बघावी लागतात. आईंना त्यांचं काही नव्हतं, त्यांचं लक्ष स्ट्रॉबेरीकडे. पेरिगोरची स्ट्रॉबेरी नावाजलेली आहे आणि जून हा तिचाच महिना. दोन किलो घेतली. साधं दही पांढऱ्या पंचात बांधून आईंनी रात्रभर नळाला टांगलं, सकाळी चक्का साखर-वेलदोडे घालून फेटला आणि त्यात स्ट्रॉबेरी चिरून घातली. एक वाटी मालकीणबाईंकडे पाठवली. ती वाटी संध्याकाळी परत आली चेरींनी भरून, आणि ती घेऊन आले मालकीणबाईंचे सासरे.

ऐंशीच्या घरातले, निळं सुती जाकीट, डोक्यावर चपटी टोपी. ते आले तेव्हा आप्पा कोठारात होते. घराचा दोन तृतीयांश भाग राहण्यासाठी केलेला, उरलेला तसाच ठेवलेला. तिथे आता सायकली आणि टेबल टेनिसचं टेबल आहे, पण वर तुळयांवर खिळ्यांच्या रांगा शाबूत आहेत आणि बाजूच्या फळ्या अजून उघडतात. आप्पांनी पहिल्या सकाळपासून ते काम स्वतःकडे घेतलं होतं. दव उठलं की फळ्या उघडायच्या, संध्याकाळी लावायच्या. का, असं मी विचारलं तर म्हणाले, "वारं खेळायला नको का?"

म्हाताऱ्यांनी ते पाहिलं. जवळ गेले, एक फळी अर्धी लावली आणि बोटानं वाऱ्याची दिशा दाखवली. आप्पांनी मान डोलवली. मग आप्पांनी वरच्या खिळ्यांकडे बोट करून मला हाक मारली. "आगं, इचार त्येंना, पान टांगत हुते का झाड?"

मी विचारलं, पण शेतीतले शब्द मला कुठे येत होते! मालकीणबाई मदतीला आल्या. त्या मला सोप्या फ्रेंचमध्ये सांगायच्या, मी आप्पांना. दोघी सुना मध्ये आणि दोघे सासरे दोन बाजूंना, असे आम्ही त्या संध्याकाळी बसलो. सासऱ्याला फ्रेंचमध्ये 'बो पेर' म्हणतात आणि सुनेला 'बेल फीय'. शब्दशः अर्थ देखणा बाप, देखणी पोरगी. हे सांगितल्यावर आप्पा माझ्याकडे बघून म्हणाले, "बराय की शबूद."

म्हाताऱ्यांनी सांगितलं, आधी पानं दोऱ्यात ओवून माळा करत, नंतर अख्खं झाडच बुडख्याशी चिरून खिळ्याला उलटं टांगत. ऑगस्टपासून तोडणी, मग दीड-दोन महिने सावलीत वाळवण. सावलीत, हे ऐकून आप्पा पुढे सरकले. निपाणीकडे विडीची तंबाखू रानातच उन्हात पसरतात. म्हाताऱ्यांना ते खरं वाटेना. उन्हात? मग पान जळत नाही? आप्पांनी दोन्ही हातांनी पान पालथं करून दाखवलं, असं फिरवायचं, आणि उचलायचं ते दवावर, भल्या पहाटे, नाहीतर चुरा होतो. 'दव' मला फ्रेंचमध्ये आठवेना. मी गवतावर हात फिरवून ओला झाल्यासारखं केलं. म्हातारे एकदम उठले आणि "रोझे! रोझे!" म्हणाले. त्यांच्याकडेही पानं सोडवायचं काम दमट दिवशीच करायचे, पान नरम असताना, हिवाळ्यात सगळं घर चुलीभोवती बसून.

मग शेंडा खुडायचा, तो कसा दोन बोटांनी. फुटवे काढायचे. या गोष्टींना आम्हा सुनांची गरज पडली नाही. दोघांचे हात सारखेच हलत होते. म्हाताऱ्यांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली, चिकट काहीतरी सुटत नाही अशी, मग ती बोटं ओठाला लावून तोंड वाकडं केलं. आप्पा इतके मोठ्यानं हसले की मुलं धावत आली. तंबाखू तोडली की हात चिकानं काळे होतात, कितीही धुतले तरी जेवताना घास कडू लागतो. माझ्या लग्नाला अठरा वर्षं झाली, मला हे माहीत नव्हतं. नवऱ्याला माहीत होतं, म्हणाला, "लहानपणी आप्पांच्या हातचा घास मी घ्यायचो नाही." हे तो पहिल्यांदाच बोलला, आणि आप्पांना न ऐकू येईल असं.

फ्रान्समध्ये तेव्हा तंबाखू सरकारच घ्यायचं. किती रोपं लावली, त्यांना पानं किती, हे मोजायला माणूस शेतावर यायचा. आप्पा म्हणाले, आमच्याकडेही एक्साइजचा इन्स्पेक्टर यायचा. भाव कोण ठरवायचं, असं म्हाताऱ्यांनी विचारलं. आप्पा थोडा वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी १९८१ सांगितलं. हळू, एकेक वाक्य, मला फ्रेंचमध्ये सांगायला वेळ देत. व्यापारी पान हातात घेऊन कसा भाव पाडायचा. बैलगाड्या घेऊन लोक महामार्गावर कसे बसले. भाकरी गावागावांतून कशा यायच्या. पोलीस कसे आले. शेजारी बसलेल्या माणसाचं नाव त्यांनी घेतलं, गावही सांगितलं. ते मी भाषांतरात तसंच घेतलं. मालकीणबाईंनी ते पुन्हा म्हटलं, मोठ्यानं, सासऱ्यांना नीट ऐकू जावं म्हणून.

म्हाताऱ्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बऱ्याच वेळानं म्हणाले, युरोपनं तंबाखूचं अनुदान बंद केलं, तेव्हा आम्हीही थांबलो. सार्लामधला तंबाखूवर प्रक्रिया करणारा कारखानाही २०१९ साली बंद झाला. कोठार पाडायचं चाललं होतं, सुनेनं पाडू दिलं नाही.

नऊ वाजून गेले होते आणि ऊन अजून फळ्यांच्या फटींतून आत येत होतं. जमिनीवर उभे पट्टे पडले होते. सातचा दिवा त्या दिवशी राहून गेला, पण आई काही बोलल्या नाहीत.

बाकीचे दिवस आम्ही फार हिंडलो नाही. किल्ल्यांच्या रांगेतला एक किल्ला केला, कास्तेलनोचा. समोरच्या कड्यावर बेनाकचा. इंग्लंड आणि फ्रान्समधल्या शंभर वर्षांच्या युद्धात हे दोन किल्ले एकमेकांवर डोळे रोखून असायचे. नदीत आम्ही दोघं मुलांना घेऊन डोंगी वल्हवत गेलो. प्रत्येकाला तरंगण्याचं जाकीट घालावंच लागतं, आणि कपडे-फोन ठेवायला झाकणाचं प्लॅस्टिकचं पिंप देतात. पाणी इतकं नितळ की तळातले गोटे मोजावेत. आई-आप्पा तेवढ्यात ला रोक-गाझाकला सपाट बुडाच्या जुन्या धाटणीच्या नावेत बसून फेरी करून आले. अशा नावांतून पूर्वी वाइनच्या पिंपांसाठी ओकचं लाकूड बोर्दोकडे जायचं. प्रवाहाविरुद्ध परत आणणं परवडत नसे, म्हणून कित्येक नावा तिथेच मोडून त्यांचंही लाकूड विकून टाकत. या गावाच्या डोक्यावरच सरळसोट कडा आहे. १९५७ साली त्याचा एक भाग कोसळून तीन माणसं गेली. पण तोच कडा दक्षिणेचं ऊन धरून ठेवतो, त्यामुळे त्याच्या पायथ्याशी ताडमाड आणि चक्क केळी वाढतात. आप्पांनी परत आल्यावर आम्हाला किल्ल्याचं किंवा नदीचं काही सांगितलं नाही, केळीचं सांगितलं.

गुहा एकच पाहिली. लास्को इथली अश्मयुगातल्या चित्रांची प्रसिद्ध गुहा १९४० मध्ये चार मुलांना सापडली आणि माणसांच्या श्वासानं चित्रं बिघडू लागल्यामुळे १९६३ साली बंद झाली. आता जवळच तिची हुबेहूब प्रतिकृती दाखवतात. अजिंठ्यातही श्वासाचा आणि दमटपणाचा हाच धोका आहे, म्हणून मला ते बंद करणं मनापासून पटतं. पण आई-आप्पांना खरी चित्रं दाखवायची होती आणि फार चालवायचं नव्हतं, म्हणून आम्ही रुफिन्याकच्या गुहेत गेलो. तिथे छोटी विजेवरची गाडी डोंगराच्या पोटात घेऊन जाते. आत तेरा अंशांची थंडी, शाली हव्यातच. भिंतींवर गुहेत राहणाऱ्या अस्वलांच्या नखांचे ओरखडे, जमिनीवर त्यांच्या झोपण्याचे खळगे. आणि शेवटी छतावर काळ्या रेषांत काढलेले मॅमथ, घोडे, रानबकरे. साधारण तेरा हजार वर्षांपूर्वी हे काढलं तेव्हा जमीन छताला इतकी जवळ होती की माणसाला आडवं पडूनच काढावं लागलं. म्हणजे आपलं पूर्ण चित्र त्याला स्वतःला एकसंध बघता आलं नसेल. गाडीवानानं दिवा मालवला तेव्हा अंधारात आईंचा हात माझा हात शोधत आला.

शनिवारी दहाला घर सोडायचं होतं. आई पाचला उठल्या. सफाईचे पैसे भरू, असं नवरा आदल्या रात्री म्हणाला होता, त्यावर आई म्हणाल्या, "ज्या घरात सात दिवस दिवा लावला ते केरकचऱ्याचं ठेवून जायचं?" आम्ही सगळ्यांनी मिळून केलं. भांडी मोजून जागेवर, शेगडी घासून, काचेच्या बाटल्या गावच्या काचेच्या पेटीत, चादरी काढून घडी. मालकीणबाई यादी घेऊन खोल्यांतून फिरल्या. एक पेला फुटला होता, तो मी आधीच सांगितला. त्यांनी हातानंच राहू दे म्हटलं आणि अनामत परत केली.

बॅगा गाडीत चढल्या. पश्चिमेकडून ढग चढत होते, हवा जड झाली होती. सगळे बसले आणि आप्पा दिसेनात. मी कोठाराकडे गेले. पावसाचे पहिले थेंब पडायला लागले होते आणि आप्पा एका टोकापासून फळ्या लावत येत होते. दुसऱ्या टोकाला निळं जाकीट होतं. म्हातारे तिकडून लावत येत होते. मी हाक मारणार होते, पण थांबले. मधल्या दोन फळ्या राहिल्या होत्या.